ओळखीचा दाखला

मराठी माणसाला परमुलखात मराठी माणूस भेटला, की ओळख पटवायला तीन प्रश्न पुरतात. आडनाव काय? मूळ गाव कुठलं? आणि इकडे कधीपासून? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपल्याला पाठ असतात. तिसऱ्याचं उत्तर दिलं की समोरचा जरा थबकतो. "पणजोबांपासून" असं मी म्हणते, तेव्हा महाराष्ट्रातून आलेला पाहुणा हसून म्हणतो, "मग तुम्ही इंदूरचेच की!" आमच्या गल्लीतले हिंदी भाषक शेजारी मात्र चार पिढ्यांनंतरही आम्हाला "मराठी लोग" म्हणतात. आणि पुण्यात भाजी घ्यायला गेलं, की दुसऱ्या वाक्याला भाजीवाली विचारते, "ताई, तुम्ही एमपीच्या का?"

ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कुठल्याही गावी हा अंक वाचणाऱ्या मंडळींना हे नवं नाही. आपण त्यावर विनोदही करतो. पण गेल्या वर्षी आमच्या घरात या प्रश्नाने दोन टोकांनी प्रवेश केला, आणि तो विनोदावर नेण्यासारखा राहिला नाही.

एका टोकाला माझी पुतणी. शिकायला पुण्याला गेली. हॉस्टेलमध्ये पहिल्याच आठवड्यात ती "मी जेवून राहिलेय" असं म्हणाली आणि खोलीतल्या मुली खळखळून हसल्या. त्यात दुष्टावा नव्हता, पण रोज कुणी ना कुणी तिच्याकडून मुद्दाम तसं बोलवून घेऊ लागलं. एका रात्री तिचा फोन आला. घरात कायम मराठी बोलणारी ही मुलगी माझ्याशी हिंदीत बोलत होती. "काकू, मैं सोच रही हूँ सबको बोल दूँ कि मैं हिंदीवाली हूँ. झंझट ही खतम."

दुसऱ्या टोकाला तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आई म्हणतो. तीस वर्षं शाळेत शिकवलं त्यांनी. विस्मरणाचा आजार होऊन चार वर्षं झाली. त्याच महिन्यात त्यांनी भिंतीवरच्या फोटोतल्या नातीकडे बोट करून मला विचारलं, "ही कुणाची ग मुलगी? गोड आहे." एक जण आपली ओळख हाताने टाकायला निघाली होती, आणि दुसरीच्या हातून ती सुटत चालली होती. मधे मी. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाची ओळख नेमकी कशात असते?

नावात आणि गावात?

आपला पहिला विसावा आडनाव. त्यात बहुधा गाव लपलेलं असतं. होळ गावचे म्हणून होळकर. पण त्या घराण्याची सगळी कर्तबगारी घडली ती माळव्यात. अहिल्याबाई जन्माने चौंडीच्या शिंद्यांची मुलगी, लग्नाने होळकर. इंदूर-महेश्वरकडे कुणालाही विचारा, त्या कोण होत्या? चौंडीचं किंवा होळचं नाव क्वचितच कुणी घेईल. लोक घाट सांगतील, धर्मशाळा सांगतील, 1780 मध्ये काशीला पुन्हा उभं केलेलं विश्वेश्वराचं मंदिर सांगतील, महेश्वरच्या विणकरांना दिलेला आश्रय सांगतील.

याहून बोलकं उदाहरण बडोद्याचं आहे. नाशिककडच्या कवळाणे गावात 1863 साली शेतकरी घरात एक मुलगा जन्मला. नाव गोपाळ. बारा वर्षांचा असताना, 1875 मध्ये, महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं आणि गोपाळचा सयाजीराव झाला. नाव बदललं, आईवडील बदलले, गाव बदललं, अंगावरचे कपडे बदलले. आजूबाजूची भाषा गुजराती झाली. ओळखीच्या फॉर्मवर जेवढे रकाने असतात, तेवढे सगळे एका मुलाच्या आयुष्यात काही दिवसांत खोडून नव्याने भरले गेले.

मग सयाजीराव कोण? त्यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. गावोगावी ग्रंथालयं पोचावीत म्हणून अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं. बाबासाहेब आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. आज गुजरातीभाषक बडोदेकर त्यांना आपलं मानतो, आणि मराठी माणूसही. दोघांपैकी कुणीही कवळाणे की बडोदा असा हिशेब मांडत बसत नाही.

नाव-गाव ही वस्तू खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. तो पत्ता आहे. पत्त्यावर पोचल्यावर दार कोण उघडतं, हे पत्ता सांगत नाही.

मग भाषेत?

इथे आपण सगळे हळवे असतो. भाषा गेली की ओळख गेली, असं आपण मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकतो. मीही व्यासपीठावरून ते म्हटलं आहे, आणि त्यात तथ्य आहेच. पण पुतणीच्या फोननंतर मी जरा खोलात गेले.

जनगणनेत 'मातृभाषा' हा रकाना असतो. त्याची सरकारी व्याख्या मोठी सुंदर आहे. लहानपणी आई ज्या भाषेत मुलाशी बोलली ती मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल, तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. बोली शुद्ध हवी, लिहितावाचता यायला हवं, राज्य अमुक हवं, असलं काही त्यात नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाखांच्या घरात होते. "जेवून राहिलेय" म्हणणारी आमची पुतणी आणि तिला हसणाऱ्या तिच्या मैत्रिणी त्या रकान्यात शेजारी शेजारीच आहेत. शिवाय त्याच फॉर्मवर येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवायची सोय असते. म्हणजे एका माणसात तीन भाषा नांदू शकतात, हे सरकारी कागदालाही मान्य आहे.

आता मुक्तिबोध बंधूंचं घर पाहा. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात. घरची भाषा मराठी. थोरले गजानन माधव, 1917 साली श्योपूरला जन्मले, उज्जैन-इंदूरला शिकले आणि आधुनिक हिंदी कवितेतलं एक सर्वांत मोठं नाव झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, कवी, कादंबरीकार आणि समीक्षक म्हणून. त्यांना 1979 मध्ये मराठीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच आईने एकाच भाषेत दोघांना वाढवलं. एकाने हिंदी घेतली, दुसऱ्याने मराठी ठेवली. यातला कोण आपल्या ओळखीला मुकला? दोघांचं लेखन वाचणारे सांगतात, की माणसाविषयीची कळकळ आणि सुखवस्तूपणाविषयीची अस्वस्थता दोघांत सारखी आहे.

सीमाभागात जरा खाली उतरलं की धारवाड. तिथे मराठी मातृभाषेच्या घरात 1896 मध्ये दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे जन्मले आणि कन्नडचे थोर कवी झाले. 'नाकु तंति' या कन्नड संग्रहासाठी त्यांना 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. सोलापूरच्या कॉलेजात त्यांनी कित्येक वर्षं शिकवलं, आणि मराठीतही लिहिलं. साताऱ्याला जन्मलेले काका कालेलकर गुजरातीत इतकं सुंदर लिहू लागले, की गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणत. गुजरातीतल्या लेखनासाठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

ही उदाहरणं मी 'भाषा सोडली तरी चालतं' असं सांगायला दिलेली नाहीत. या माणसांनी काही सोडलंच नाही. त्यांनी नवी भाषा जोडली, आणि जी बोलली त्या भाषेला भरभरून दिलं. बेंद्र्यांना कुणी "तुम्ही खरे कोण, कानडी की मराठी?" असं विचारलं असतं, तर तो प्रश्नच त्यांना तोकडा वाटला असता, असं मला वाटतं.

कामात आणि अंगच्या कलेत?

आपण स्वतःची ओळख करून देताना काय म्हणतो? मी शिक्षिका, मी इंजिनिअर, मी गाणारा. तरुण मंडळींचं तर सगळंच याभोवती फिरतं. नोकरी गेली की माणूस 'मी आता कोण?' म्हणून कोसळतो.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर देवास आहे. तिथल्या कुमार गंधर्वांची कथा आमच्याकडे घरोघरी माहीत आहे, पण ती या दृष्टीने फारशी कुणी सांगत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 मध्ये ते जन्मले. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, घरची भाषा कानडी. 'कुमार गंधर्व' ही लहानपणी गाण्यामुळे मिळालेली पदवी, आणि तीच पुढे नाव झाली. म्हणजे गाणं हेच नाव, गाणं हीच ओळख. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकले, नाव गाजायला लागलं, आणि ऐन पंचविशीच्या आत क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी 1948 मध्ये त्यांना देवासला आणलं. डॉक्टरांनी गायला बंदी केली. काही वर्षं ते अंथरुणावर होते.

ज्याचं नावच गाण्यावरून पडलं आहे, त्याला गायला बंदी. त्या काळात त्यांना कुणी विचारलं असतं की तुम्ही कोण, तर काय उत्तर असतं? पण त्या अंथरुणावर त्यांचे कान उघडे होते. खिडकीबाहेरून माळवी बायकांची गाणी, फकिरांचे, नाथपंथी जोग्यांचे सूर येत होते. ते ऐकत राहिले. नुकतंच आलेलं स्ट्रेप्टोमायसीन मिळालं, जीव वाचला, एक फुफ्फुस मात्र जवळपास निकामी झालं. नंतर ते गाऊ लागले ते वेगळ्याच श्वासाने. लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले. निर्गुणी भजनं अशी गायिली की कबीर आपल्या दिवाणखान्यात आला. आजारात त्यांचा आवाज गेला, दम गेला, मैफली गेल्या. जिज्ञासा मात्र गेली नाही, आणि ऐकण्यातली नम्रताही गेली नाही. माझ्या मते कुमारजी तिथे होते.

की आठवणींत?

इथवर येईपर्यंत मला वाटत होतं, की बाकी काही गेलं तरी आठवण आहे तोवर माणूस आहे. तीनशे वर्षांपूर्वी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनीही जवळपास हेच मांडलं होतं. आपली जाणीव मागे जिथवर पोचते, जे आपण 'हे मीच केलं' म्हणून आठवू शकतो, तिथवर आपण तेच असतो.

मग माझ्या सासूबाई कोण?

त्यांची पेन्शन आहे, म्हणून दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही जिवंत आहात आणि तुम्ही तुम्हीच आहात, एवढं सिद्ध करायचं. त्या दिवशी मी त्यांना रिक्षाने घेऊन गेले. यंत्रावर बोट ठेवलं. ठसा उमटेना. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजतात, आणि यांची बोटं आयुष्यभर खडू, राख आणि पाणी यांत गेलेली. दहाही बोटं झाली. समोरच्या मुलाने अदबीने विचारलं, "माताजी, अपना नाम बताइए." त्या त्याच्याकडे बघून हसल्या. नाव आलं नाही. जन्मतारीख आली नाही. मी कोण, ते आलं नाही. बोट नाही, नाव नाही, आठवण नाही. कागदाच्या आणि लॉकच्या हिशेबाने त्या खुर्चीत कुणीच नव्हतं.

त्या मुलाने दुसरं यंत्र शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात आईंनी माझ्या पिशवीतला डबा ओढला, उघडला, आणि त्यातली अर्धी पोळी गुळासकट त्याच्यापुढे धरली. "खा रे. सकाळपासून बसलायस." तो हिंदी भाषक मुलगा. त्याला शब्द कळले नसतील, पण त्याने ती पोळी घेतली. नंतर डोळ्यांचं यंत्र आणून काम झालं. पण माझ्यापुरता दाखला आधीच मिळाला होता. तीस वर्षं डबा न आणणाऱ्या मुलांना आपल्या डब्यातली पोळी देणारी बाई ती हीच.

ही माझी भाबडी समजूत नाही ना, असं वाटून मी थोडं वाचलं. नीना स्ट्रोमिंजर आणि शॉन निकोल्स या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 2015 मध्ये मेंदूच्या आजाराच्या रुग्णांना जवळून पाहणाऱ्या सुमारे अडीचशे नातेवाइकांना विचारलं, की तुमचं माणूस अजून तेच आहे असं तुम्हाला वाटतं का? तीन प्रकारचे रुग्ण होते. अल्झायमरचे, ज्यांची आठवण जाते. एएलएसचे, ज्यांचं शरीर निकामी होतं पण मन बहुधा शाबूत राहतं. आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या विस्मरणाचे, ज्यांत सुरुवातीला आठवण बरीचशी टिकते पण वागणं बदलतं, दुसऱ्याविषयीची कणव जाते. 'हे आमचं माणूस राहिलं नाही' असं सर्वांत जास्त वाटलं ते या तिसऱ्या प्रकारात. आठवण जाण्याने नातेवाइकांच्या लेखी ओळखीवर मोजण्याइतका परिणाम दिसला नाही. परिणाम झाला तो दया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कदर, अशा गुणांत बदल झाल्यामुळे.

वाचताना मला आमच्या ओळखीतल्या एका काकू आठवल्या. त्यांच्या यजमानांना सगळं आठवतं. लग्नाची तारीख, बँकेचे व्याजदर, सगळं. पण अत्यंत ऋजू असलेला हा माणूस आता नातवाच्या हातातलं खाणं हिसकावतो, बायको पडली तर ओलांडून जातो. काकू मला एकदा म्हणाल्या, "तुझ्या सासूबाई तुला ओळखत नाहीत, पण तू त्यांना ओळखतेस. माझं उलटं आहे ग. हे मला ओळखतात, मीच यांना ओळखत नाही."

या वाक्यावर मी फार दिवस थांबले. कारण माणसाची ओळख त्याच्या वागण्यात असते, एवढंच म्हणून मोकळं झालं, तर त्या काकांचं काय? आजाराने त्यांचं वागणं नेलं, त्यात त्यांचा दोष नाही. मग ते कुणीच नाहीत का? उत्तर मला काकूंच्याच घरात मिळालं. त्या रोज सकाळी त्यांची दाढी करून देतात. इस्त्रीचा सदरा घालतात, कारण "यांना चुरगळलेलं चालत नसे." ते जसे होते, ते आता काकूंनी सांभाळून ठेवलं आहे. आपली ओळख आपण वागण्याने घडवतो, आणि ती आपल्या हातून सुटली, तर ज्यांच्याशी आपण तसे वागलो ते ती काही काळ धरून ठेवतात. एकट्याच्या खिशात मावणारी ही वस्तू नसावीच.

तर मग मराठीपणाचं काय करायचं?

पुतणीशी हे सगळं बोलायला मला दिवाळीची वाट पाहावी लागली. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ती आली. सकाळी जिरावण भुरभुरून पोहे आणि जलेबी झाली, आणि आम्ही गच्चीत बसलो.

मी तिला भाषण दिलं नाही. एवढंच विचारलं, की हॉस्टेलमधून निघताना तू मैत्रिणींना काय म्हणतेस? ती म्हणाली, "येते." हिंदीत बोलताना? ती हसायला लागली. "आती हूँ." तिच्या बिहारच्या एका मैत्रिणीने तिला सुरुवातीला विचारलं होतं, की जाताना 'आती हूँ' काय? हिने सांगितलं, आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत. आता ती मैत्रीणही खोलीतून निघताना 'आती हूँ' म्हणते.

भाषेचं खरं मोल मला इथे दिसतं. 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणं ही केवळ शब्दाची लकब नाही. मागे राहणाऱ्या माणसाला एकटं वाटू नये, याची ती काळजी आहे. दिवा 'विझवत' नाहीत, 'मालवतात'. घरातलं तांदूळ-मीठ 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. दारात आलेल्याला पाणी-गूळ पुढे करतात. कुणाच्या तरी मनाला जपायची रीत या शब्दांत बांधून ठेवली आहे आणि पिढ्यान् पिढ्या ती आईच्या बोलण्यातून मुलाच्या वागण्यात उतरते. भाषा हे भांडं आहे. भांड्याला पोचे पडले म्हणून त्यातलं दूध नासत नाही. पण भांडंच फेकून दिलं, तर दूध न्यायचं कशात, हाही प्रश्न आहेच. म्हणून भाषा ठेवावी. कुणी हसतं म्हणून सोडू नये आणि आपली जरा शुद्ध आहे म्हणून दुसऱ्याला हसूही नये.

पुतणी म्हणाली, "काकू, पण मग जो मराठी नाही आणि चांगला वागतो, त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणाले, मुळात काहीच नाही. त्याला ते त्याच्या आजीने मगहीत शिकवलं असेल, आपल्याला मराठीत. आपल्याला आपल्या आजीचं ऋण आहे, त्याला त्याच्या. मराठीपण हे माझ्या लेखी असं ऋण आहे. मिरवायचा बिल्ला ते नाही.

एक विनंती

आपल्यातल्या पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. आमच्याही घरी एक जाडजूड पुस्तक आहे. त्यात नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, मुलंबाळं, वास्तव्य, सगळं ओळीने दिलेलं. त्यात माझ्या सासऱ्यांच्या एका आत्याची नोंद आहे. ती एवढीच: 'बालवयात वैधव्य. अपत्य नाही.' चार शब्द. पण आमच्या गल्लीतली जुनी माणसं तिला वेगळ्याच कारणाने ओळखत. आजूबाजूच्या घरांत कुणीही बाळंत होणार असलं, मग ते घर मराठी असो, मारवाडी असो की मुसलमान, मध्यरात्री कंदील घेऊन ती जायची आणि एक पैसाही घ्यायची नाही. निपुत्रिक म्हणून जिची नोंद झाली, तिच्या हातावर निम्मी गल्ली जन्मली होती.

म्हणून तरुण वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या सुटीत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. आपण मूळचे कुठले, हे विचाराच. पण त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा. ते कसे होते? पणजोबा नोकरी कुठे करत, हे कागदावर सापडेल. उधारी बुडवणाऱ्याशी ते कसे वागत, सुनेशी कसे बोलत, संकटात कुणाच्या दारी उभे राहिले, हे फक्त त्या माणसाच्या आठवणीत आहे, आणि आठवण किती भरवशाची असते ते मी रोज पाहते आहे. ऐकलेलं लिहून ठेवा. चांगलं तेवढंच नको, वाईटही लिहा. मराठीत लिहा, हिंदी-गुजराती-कानडी शब्द आले तर येऊ द्या.

आमच्या प्रतीत त्या आत्याच्या नोंदीखाली पुतणीने पेनाने एक ओळ वाढवली आहे. तिचं अक्षर अगदी आजीसारखं, शाळेतल्या फळ्यावरचं. ओळ अशी आहे: 'बोलावणं आलं की रात्री कंदील घेऊन निघायची.' त्यात एक वेलांटी चुकली आहे. मी ती तशीच राहू दिली.